काचेतली गाठ

एकोणतीसचा पाढा मला आजही कुणी गाढ झोपेतून उठवून विचारला तरी म्हणता येतो. त्याचं श्रेय शाळेतल्या कुठल्याही मास्तरांना नाही. तो मी शिकले एम.एस्सी. झाल्यावर, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पनवेलच्या एका छोट्या संशोधन संस्थेच्या पहिल्या मजल्यावर, हातात सिरिंज धरून. आणि शिकवणाऱ्या बाई गणिताच्या नव्हत्या. त्या कर्करोगाच्या गाठी वाढवायच्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम बँकेत असतात," त्या म्हणाल्या. "इथं बाई म्हणायचं. आणि उद्यापासून केसांत गजरा नको. मला वासावर काम करायचं असतं."

हे वासाचं प्रकरण काय ते मला आठवडाभरानं कळलं. पेशी ज्या उबदार कपाटात वाढवतात त्याला इन्क्युबेटर म्हणतात. बाई रोज सकाळी त्याचं दार उघडायच्या, नाक पुढे करायच्या, आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. एखाद्या दिवशी म्हणायच्या, "वरच्या फळीवर बुरशी आलीय." आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचो तर काही नसायचं. दुसऱ्या दिवशी बुरशी दिसायची. असं करू नये, हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांच्या डब्यातून रोज सव्वाअकराला सुकटीची चटणी निघायची आणि सगळा मजला दरवळायचा. शेजारच्या विभागानं एकदा तशी लेखी तक्रार केली. बाईंनी तिला लेखी उत्तर दिलं: 'ज्या नाकाला सुकट सोसत नाही, त्या नाकाचा प्रयोगशाळेत उपयोग नाही.' हे पत्र बरीच वर्षं आमच्या फळ्याशेजारी चिकटवलेलं होतं.

आमचं काम थोडक्यात असं होतं. गावातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन करून गाठ काढली, आणि रुग्णानं लेखी परवानगी दिली असेल, तर तिचा तूरडाळीच्या दाण्याएवढा तुकडा बर्फात घालून आमच्याकडे यायचा. त्यातल्या पेशी सुट्या करून आम्ही वाढवायचो. बहुतेक ठिकाणी त्या प्लॅस्टिकच्या बशीच्या तळाशी वाढवतात, आणि तिथं त्या फरशी घातल्यासारख्या एकीशेजारी एक पसरतात. बाईंचा सगळा आक्षेप त्या फरशीवर होता.

"माणसाच्या अंगात गाठ अशी पसरून बसते का गं?" त्या विचारायच्या. "ती गोल असते. तिला आत-बाहेर असतं. बाहेरच्या पेशी खाऊन-पिऊन मस्त, आतल्या अर्धपोटी. औषध बाहेरच्यांना लागतं आणि आतल्यांपर्यंत पोचतच नाही. मग फरशीवर औषध चाललं म्हणून नाचायचं कशाला?"

म्हणून आम्ही गाठ गाठीसारखीच वाढवायचो. साबणाच्या वडीच्या निम्म्यानं पारदर्शक रबराची एक पट्टी, तिच्या खाली काच, आणि पट्टीच्या पोटात शिवणाच्या दोऱ्याएवढ्या तीन नळ्या. मधल्या नळीत मऊ जेलीसारख्या पदार्थात पेशी ठेवायच्या. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गुलाबी रंगाचं अन्नद्रव सतत, अगदी हळू वाहत ठेवायचं. गाठीच्या आजूबाजूनं रक्त वाहतं, तसं. सगळं नीट जमलं तर दहा-बारा दिवसांत त्या जेलीत बारीक गोळे धरायचे. नुसत्या डोळ्यांना ते धुळीच्या कणांसारखे दिसायचे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की मात्र प्रत्येकाला स्वतःचं रूप असायचं.

आणि नीट जमलं नाही तर त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असायचं, बुडबुडा. नळी भरताना हवेचा एक बारीकसा बुडबुडा आत शिरला, की तो वाहत जाऊन पेशींना खरवडून काढायचा. तीन आठवड्यांचं काम एका क्षणात जायचं. बुडबुडा येतो घाईनं. माझा हात घाईचा होता. बाईंनी दोन-तीनदा पाहिलं आणि विचारलं, "पाढे किती येतात?"

"वीसपर्यंत."

"मग एकोणतीसचा पाठ कर. सिरिंज दाबताना मोठ्यानं म्हणायचा. दहा वेळा. चुकलीस तर थांबायचं आणि पहिल्यापासून."

मला वाटलं थट्टा करतात. पण डोकं 'एकोणतीस चोक सोळोदरशे'मध्ये अडकलं की हात आपोआप संथ व्हायचा. बाहेरून येणारे पाहुणे गोंधळून जायचे. आत चार जणी पांढरे कोट घालून पाढे म्हणतायत, आणि मधे एक ठेंगणी, खांद्यावरून पदर घट्ट खोचलेली बाई उजव्या मनगटावरच्या पुरुषी घड्याळाकडे बघत उभी.

त्यांचा दुसरा नियम चित्रांचा. सूक्ष्मदर्शकाला चांगला कॅमेरा होता, तरी रोज सकाळी प्रत्येकीनं आपला गोळा पेन्सिलनं वहीत काढायचा. "कॅमेऱ्यानं पाहिलं की तुम्ही पाहायचं सोडून देता," असं त्यांचं म्हणणं. स्वतः बाईंना चित्रकला अजिबात येत नव्हती. त्यांनी काढलेला गोळा बटाटवड्यासारखा दिसायचा. पण त्या बटाटवड्याच्या कडेला त्यांनी बाणानं दाखवलेली रेघ पाहून आम्ही परत सूक्ष्मदर्शकाकडे जायचो, आणि ती रेघ तिथं असायची.

मी तेव्हा पनवेलजवळच्या रोडपालीला आई-बाबांकडे राहायचे. दोन हजार दहाच्या आसपासची ही गोष्ट. उन्हाळ्यात वीज जायची ती तासन्‌तास. एका मे महिन्यात भर दुपारी वीज गेली आणि पाठोपाठ संस्थेचा इन्व्हर्टरही बसला. अन्नद्रव ढकलणारे पंप थांबले. इन्क्युबेटर थंड व्हायला लागला. पट्ट्यांमध्ये आठ जणांच्या गाठी होत्या. मी रडायच्या बेतात.

बाई तडक घरी गेल्या. त्या जवळच एका इमारतीत एकट्या राहायच्या. अर्ध्या तासात रिक्षानं परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पोळ्या ठेवायचे दोन मोठे कॅसरोल आणि काखेत कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड होता. कॅसरोलमध्ये कोमट पाण्याच्या बाटल्या, त्यावर निर्जंतुक डब्यांत पट्ट्या, मधे थर्मामीटर. स्टँडवर त्यांनी अन्नद्रवाच्या बाटल्या उंचावर टांगल्या आणि नळ्या खाली सोडल्या. उंची कमी-जास्त करत, थेंब मोजत त्या तासभर उभ्या होत्या. द्रव वाहू लागला.

"यंत्र बंद पडतं," त्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "उतार कधी बंद पडत नाही."

आठांतल्या सहा गाठी वाचल्या. त्यानंतर ते महागडे पंप बाईंनी कपाटात टाकले ते टाकलेच. वाळत घालायचा स्टँड मात्र प्रयोगशाळेत कायमचा राहिला. संस्थेचे संचालक पाहुण्यांना मजला दाखवायला आणायचे, तेव्हा त्याच्यावर चादर टाकायला सांगायचे. बाई चादर टाकायच्या नाहीत.

संचालक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना संस्था चालवायची होती. वर अनुदान देणारी समिती होती, आणि समितीला दरवर्षी काहीतरी चमकदार ऐकवावं लागायचं. "पाच वर्षांत आम्ही प्रत्येक रुग्णासाठी वेगळं औषध ठरवू शकू, एवढंच एक वाक्य बोला ना," असं ते बाईंना विनवायचे. बाई एरवी पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलायच्या. पण राग आला की त्यांच्या तोंडून निराळीच बोली बाहेर यायची.

"नाय म्हंजे नाय! जे झालाच नाय ते आमी कसा सांगाचा?"

त्या उरणजवळच्या मोरा बंदरावरच्या, कोळ्यांच्या घरातल्या, हे मला अशाच एका भांडणात कळलं. स्वतःहून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. लपवलंही नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आता एका माणसाबद्दल सांगायला हवं.

एके दिवशी सव्वाअकराला बाईंचा डबा उघडलेला असताना दारात एक पन्नाशीचे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा झब्बा, बारीक कातरलेली दाढी, हातात प्लॅस्टिकची फाइल. बाजारपेठेत त्यांचं शिलाईच्या सामानाचं दुकान होतं. दोरे, बटणं, लेस. मी आईबरोबर तिथं कितीदा तरी गेले होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

"इथं माझ्या बायकोचं काहीतरी ठेवलंय," ते म्हणाले.

बाईंनी डबा बंद केला, हात धुतले. "बसा, भाई."

"बसायला नाही आलो, डॉक्टरबाई. काल तिचा चाळिसावा झाला. कागदं आवरत होतो, त्यात हा मिळाला." त्यांनी परवानगीच्या कागदाची प्रत पुढे धरली. "तिची सही. खाली साक्षीदार म्हणून माझी. त्या दिवशी किती कागदांवर सह्या केल्या, मला होश नव्हता. एवढंच सांगा, ते आहे का अजून?"

"आमच्याकडे नाव येत नाही, नंबर येतो," बाई म्हणाल्या. "कुठला नंबर कुणाचा ते मला ठाऊक नसतं. असतं तरी असं तोंडी सांगता आलं नसतं. संस्थेची एक नीतिसमिती आहे, तिला मी आजच पत्र लिहिते. दोन-तीन आठवडे लागतील."

"पण जे आहे ते जिंदा आहे?"

"इथं आहेत त्यातल्या काही गाठी जिवंत आहेत."

त्यांनी इन्क्युबेटरकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. स्टँडवरून गुलाबी थेंब उतरत होते.

"म्हणजे ज्या मर्जानं तिला खाल्लं," ते सावकाश म्हणाले, "त्याला तुम्ही इथं गरम ठेवून खायला घालता."

मी मान खाली घातली. बाई काहीतरी समजावतील असं मला वाटलं. विज्ञान, संशोधन, पुढच्या रुग्णांचं भलं, असं काहीतरी.

"हो," बाई म्हणाल्या. "रोज."

ते निघून गेले. बाईंनी त्या दिवशी डबा पुन्हा उघडला नाही.

नीतिसमितीचं उत्तर आलं. तो अकरा नंबर होता. आणि अकरा नंबर म्हणजे माझी सगळी पीएच.डी. होती. बाकीच्या गाठी महिना-दीड महिन्यात मरायच्या. अकरा नंबर मात्र पट्टीमागून पट्टी नवे गोळे धरत होती. फरशीसारख्या वाढवल्या की याच पेशी नेहमीच्या औषधानं मरायच्या, आणि गोळ्यात असल्या की मरायच्या नाहीत. बाईंचं म्हणणं इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याच गाठीनं दाखवलं नव्हतं.

ते पुन्हा आले तेव्हा, त्यांनी काही विचारायच्या आधीच, बाई म्हणाल्या, "एक गोष्ट पहिली सांगते. तुमच्या पत्नीच्या पश्चात ही परवानगी तुम्ही मागे घेऊ शकता. तुम्ही बंद करा म्हणालात तर आज संध्याकाळपर्यंत सगळं बंद होईल. गोठवून साठवलेलंसुद्धा. कारण विचारणार नाही."

मी बाईंकडे पाहतच राहिले. माझी तीन वर्षं त्या एका वाक्यासरशी त्या परक्या माणसाच्या हातात देत होत्या, आणि माझ्याकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही.

"आधी बघू द्या," ते म्हणाले.

मी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळा लावला.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"दिसायला मोत्यासारखं आहे, हरामखोर." ते म्हणाले. मग डोळा न काढता विचारलं, "बंद केलं म्हणजे काय होईल?"

"उपाशी मरेल. दोन-चार दिवसांत."

"नाही." त्यांनी मान वर केली. "तसं नको. तिला त्या औषधांनी किती तकलीफ झाली, मी बघितलंय. केस गेले, अन्न जाईना. एवढं सोसून हे मेलं नाही. याला औषधानंच मारा. किती बी दिवस लागू द्या. आणि मेलं की मला फोन करा."

बाईंनी त्यांचा नंबर फळ्यावर खडूनं लिहिला. तिथून तो कुणी पुसला नाही.

पुढचे सात-आठ महिने मी दुसरं काही केलं नाही. नेहमीच्या औषधाबरोबर दुसरं एक औषध द्यायचं, कधी आधी, कधी नंतर, कधी बरोबर. दुसऱ्यानं गोळ्याचं कवच सैल होईल, मग पहिलं आत शिरेल, अशी कल्पना होती. रोज चित्र, रोज पाढा. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. आणि एका सकाळी मी डोळा लावला तर गोळा काळवंडून विस्कटला होता. आतपर्यंत. बुडबुडा नव्हता, बुरशी नव्हती. मी ओरडलेच.

बाईंनी पाहिलं, चित्र काढायला लावलं, तारीख घातली. "पुन्हा कर," म्हणाल्या.

बातमी संचालकांपर्यंत पोचली. ते पेढ्यांचा डबा घेऊनच आले. अनुदानाची समिती पुढच्या महिन्यात येणार होती. पत्रकारांना बोलवू या, म्हणाले. बाई म्हणाल्या, एकदा झालं म्हणजे झालं असं नाही.

दुसऱ्या खेपेला गोळे पुन्हा मेले. मी घरी आईला सांगितलं, संपलं एकदाचं. बाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा कर."

तिसऱ्या खेपेला गोळे मेले नाहीत.

सगळं तेच होतं. तीच औषधं, तेच माप, तोच हात. गोळे टुणटुणीत. मी बाईंपुढे अक्षरशः हात जोडले. "बाई, पट्टीत काहीतरी बिघाड असेल. ही खेप धरायला नको. दोनदा मेलेत ना!"

"बिघाड दाखव."

"सापडत नाही."

"मग काढ चित्र."

"बाई, माझी शिष्यवृत्ती संपतेय!"

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसल्या. "काढ. मी बसते इथं."

मी रडत रडत ते चित्र काढलं. बाई तासभर शेजारी बसून होत्या. अनुदानाच्या समितीसमोर त्यांनी तिन्ही खेपा सांगितल्या, तिसरी सगळ्यांत आधी. अनुदान पुढे चालू राहिलं नाही. मी बाईंशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलत होते. त्यांना ते कळत होतं. माझ्या टेबलावर रोज सव्वाअकराला त्यांच्या डब्याचं झाकण येऊन पडायचं, त्यात भाकरीचा चतकोर आणि सुकट. मी ते खायचे आणि झाकण धुऊन परत ठेवायचे.

त्याच दिवसांत बाईंनी फळ्यावरचा नंबर फिरवला.

ते दुकान बंद करून आले. या वेळी बसले. बाईंनी त्यांना तिन्ही चित्रं दाखवली. "दोनदा मेलं," त्या म्हणाल्या. "एकदा नाही मेलं. का नाही मेलं, ते आम्हाला सापडलं नाही."

त्यांनी मेलेल्या गोळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं, हळूच, जणू ते गरम असावं. मग तो प्रश्न विचारला. तो येणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मला तिथून पळून जायचं होतं.

"ही दोन्ही औषधं तिला दिली असती, तर?"



"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "इथं काचेत आहे ते वेगळं, माणूस वेगळं. वाचल्या असत्या असंही म्हणता येत नाही, नसत्या वाचल्या असंही नाही. खरंच ठाऊक नाही, भाई."

मला बाईंचा भयंकर राग आला. नाही म्हणायचं. सरळ नाही म्हणायचं, काही फरक पडला नसता म्हणायचं. त्यांना आज झोप तरी लागली असती.

त्यांनी मांडीवरची टोपी उचलून तिची घडी घातली. "डॉक्टर बोलले, सगळं करून झालं," ते म्हणाले. "मौलाना बोलले, अल्लाहची मर्जी. शेजारी बोलले, मुंबईला न्यायला पाहिजे होती. ज्याला त्याला ठाऊक होतं. मी एकटाच रात्रंदिवस विचार करत बसलेलो." त्यांनी मान वर केली. "तुम्हाला पण ठाऊक नाही म्हणजे... मग मला तरी कसं ठाऊक असणार."

आणि ते रडले. दार उघडं होतं, मी समोर होते, तरी रडले. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतः उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. निघताना त्या गृहस्थांनी विचारलं, "आता त्याचं काय?"

"तुम्ही सांगाल ते."

"चालू द्या," ते म्हणाले. "का नाही मेलं ते शोधा."

ते आम्हाला सापडलं नाही. वर्षभरानं प्रयोगशाळाच बंद झाली. अकरा नंबरच्या गोठवलेल्या पेशींच्या दोन कुप्या बाईंनी, नीतिसमितीची आणि त्या गृहस्थांची रीतसर परवानगी घेऊन, दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेकडे पाठवल्या. माझा शोधनिबंध एका साध्या नियतकालिकात आला. त्यात तिन्ही खेपा आहेत. मला पदवी मिळाली ती दोन वर्षं उशिरा. तोवर बाई निवृत्त होऊन मोऱ्याला भावाकडे राहायला गेल्या होत्या. त्या वारल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. पण मला त्या आठवतात त्या पनवेलच्या मजल्यावरच्या जितक्या, तितक्याच त्या एका जानेवारीतल्या दिवशीच्या.

त्या दिवशी मी पदवीचे पेढे घेऊन मोऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत माझी नोकरीची मुलाखत होती, म्हणून मोऱ्याहून सुटणाऱ्या दुपारच्या लाँचनं, म्हणजे प्रवासी बोटीनं, मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याला उतरून मावशीकडे मुक्काम करायचा बेत होता. बाई उरणच्या बाजारात गेल्या होत्या. घरी त्यांचा धाकटा भाऊ होता. आयुष्यभर लाँचवर खलाशी म्हणून काम केलेला, रापलेला, हसरा माणूस. त्यानं मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "आमची बाय तितं काय करं, ते सांगा बगू. आमाला कवा समजलाच नाय."

मी सांगितलं. बशीतल्या पेशी आणि पट्टीतल्या पेशी, वाहतं अन्न, गोळे. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हंजे बादलीत ठेवलेला मासा नि खाडीतला मासा," तो म्हणाला. "बादलीतला बगून खाडीतल्याचा काय कलनार?"

एवढं सोपं करून सांगायला मला सात वर्षांत जमलं नव्हतं.

मग तो हसला. "पन तिला सोताला पोवता येत नाय, ठावं हाय तुमाला? कोल्याची पोर! पान्याला जाम घाबरं. लानपनी एकदा धक्क्यावरना पडली, तवापासना. कालेजला चार वरसं रोज लाँचनं मुंबईला गेली. मदोमद, इंजिनाच्या खोक्यावर बसं, डोलं मिटून. एक दिस खाडा नाय. कालेज संपला नि त्या दिसापासना लाँचवर पाय नाय ठेवला. मुंबईला जायाचा तर यष्टीनं, रस्त्यानं, तीन तास."

तेवढ्यात बाई आल्या. भाऊ गप्प झाला. पेढा त्यांनी अर्धाच खाल्ला, निबंध मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि एक चूक काढली. लाँचची वेळ झाली तशा त्या उठल्या.

"चल, मी येते धक्क्यापर्यंत."

मला वाटलं, मोऱ्याच्या. धक्क्यावर वारा होता. लाँच हलत होती. मी वाकून नमस्कार केला आणि फळीवरून आत गेले. वळून पाहिलं तर बाई माझ्या मागे फळीवर होत्या. भाऊ धक्क्यावर तोंड उघडं टाकून उभा होता.

"बाई?"

"मुंबईत काम आहे थोडं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. त्या मधोमध इंजिनाशेजारी बसल्या आणि मला शेजारी बसवलं. लाँच सुटली तसे त्यांनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मुलाखतीच्या दिवशीही तिथं वळ होता. मला काही ठाऊक आहे असं दाखवलं नाही. तासभर आम्ही तशाच बसून होतो. समोर मुंबई हळूहळू मोठी होत होती आणि बाईंना ती दिसत नव्हती.

भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी पदर नीट केला, चष्मा पुसला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जा," म्हणाल्या. "उशीर करू नकोस."

मी पायऱ्या चढले आणि वर जाऊन वळून पाहिलं. वाटलं, आता टॅक्सीकडे जातील, एसटीच्या स्टँडवर जायला. बाई तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभ्या होत्या. परतीचं तिकीट त्यांनी लाँचचंच काढलं.